विलायतेंतलें ‘इंडियन’ जेवण

परदेशांत आठ-दहा दिवस काढल्यावर भारतीय प्रवाशास पावाचा व उकडलेल्या बटाट्यांचा वीट येऊं लागतो. अशा वेळीं लंडनच्या एखाद्या रस्त्यावर ‘इंडियन रेस्टॉरंट’ अशी पाटी दिसली, कीं त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. पुढें काय होतें याविषयीं मात्र प्रवाशांचें एकमत नाहीं. एकजण परतल्यावर तेथील गरम नानचें व मसालेदार कोंबडीचें तोंड भरून कौतुक करतो. दुसरा तक्रार करतो, कीं रश्शांत साय आणि साखर पडली होती, भाताचे व पोळीचे पैसे निरनिराळे मोजावे लागले, आणि साधें वरण मागितलें तर वाढपी नुसता तोंडाकडे पाहूं लागला. तिघेही नाहीं, तरी दोघेही खरेंच बोलत असतात. एकाच पाटीखालीं इतके भिन्न अनुभव कां यावेत, याचें उत्तर त्या भोजनगृहांच्या इतिहासांत आणि त्यांच्या मुदपाकखान्यांत आहे.

लंडनांत भारतीय पद्धतीचें जेवण देणारें पहिलें प्रसिद्ध गृह १८१० सालीं निघालें. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेले शेख दीन महंमद यांनीं पोर्टमन चौकाजवळ जॉर्ज रस्त्यावर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ थाटलें. तेथें मसालेदार पदार्थ होते, वेताचीं आसनें होतीं आणि ओढावयास हुक्काही होता. पण हा सारा थाट भारतीयांसाठीं नव्हता. कंपनी सरकारची चाकरी करून परतलेल्या इंग्रजांसाठीं होता. १८१२ सालीं महंमदांचें दिवाळें वाजलें. पुढें १९२६ सालीं एडवर्ड पामर यांनीं रीजंट रस्त्यावर ‘वीरास्वामी’ हें भोजनगृह उघडलें. त्यालाही मोठा आश्रय अशाच साहेबलोकांचा होता. म्हणजे परदेशांतील भारतीय भोजनगृह प्रथमपासून यजमानाच्या जिभेकडे पाहून जन्मास आलें. घरच्या आठवणीनें व्याकुळ झालेला भारतीय प्रवासी हा त्याचा मुख्य गिऱ्हाईक कधींच नव्हता.

या गृहांचा खरा प्रसार केला तो सिल्हेटच्या खलाशांनीं. आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा ओढणारीं हीं माणसें बंदरांत बोट लागली, कीं कधीं कधीं तिला कायमचा रामराम ठोकीत आणि लंडनच्या पूर्व भागांत पडेल तें काम करीत. दुसऱ्या महायुद्धांत बाँबहल्ल्यांनीं मोडकळीस आलेलीं लहान उपाहारगृहें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं घेतलीं. तळलेले मासे व बटाटे विकतां विकतां त्याच टेबलावर ते भात-रस्साही वाढूं लागले. मद्यगृहें बंद झाल्यावर भुकेलेले इंग्रज यांच्या दारीं येत, म्हणून हीं दुकानें रात्रीं उशीरापर्यंत उघडीं राहत. सिल्हेट १९७१ सालापासून बांगला देशांत आहे. म्हणून पाटी ‘इंडियन’ असली, तरी गल्ल्यावरचा मालक व चुलीपाशींचा आचारी पुष्कळदां बांगला देशाचा असतो. त्यानें मराठी आमटी चाखलेलीही नसते. मग ती त्याला साधत नाहीं म्हणून रागावण्यांत काय हंशील?

आतां त्याच्या मुदपाकखान्यांत डोकावावें. गिऱ्हाइकास दहा-पंधरा मिनिटांत ताट हवें असतें आणि यादींत साठ-सत्तर पदार्थ असतात. यावर आचाऱ्यांनीं एक युक्ति काढली. कांदा, लसूण व आलें भरपूर पाण्यांत शिजवून, घोटून एक मोठें पातेलेंभर पातळ वाटण सकाळींच तयार ठेवावयाचें. मांसही आधींच अर्धेंमुर्धें शिजवून ठेवावयाचें. मागणी आली कीं कढईंत तेल तापवून मसाला परतावयाचा, वर तें वाटण ओतावयाचें. नारळ व साय घातली कीं ‘कोर्मा’, मिरची वाढविली कीं ‘मद्रास’, आणखी वाढविली कीं ‘विंदालू’! मूळ नांवें प्रांतांचीं वा कृतींचीं. तेथें तीं केवळ तिखटाच्या पायऱ्या होऊन बसलीं. दोन पदार्थ मागवून दोहोंना एकच चव आली अशी तक्रार प्रवासी करतात, तिचें मूळ या एका पातेल्यांत आहे.

विंदालूची कथा तर फारच बोलकी आहे. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘व्हिन्या द आल्युश’ या, मद्य व लसूण यांत मांस मुरविण्याच्या कृतीवरून आला. गोव्यांत त्याला सिरका व मिरचीची जोड मिळाली. शेवटच्या अक्षरांतील ‘आलू’शीं बटाट्याचा कांहींएक संबंध नाहीं, पण विलायतेंत अनेक ठिकाणीं त्यांत बटाटा हटकून घालतात. गोवेकर प्रवासी तेथें आंबटपणा शोधतो आणि त्याच्या वाट्यास येतो तो नुसता जाळ. उलट, शेजारच्या टेबलावरील इंग्रजाला बालपणापासून हीच चव ठाऊक असते. त्याच्या दृष्टीनें तें त्याच्या गांवचेंच जेवण. २००१ सालीं ब्रिटनचे तेव्हांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनीं चिकन टिक्का मसाला या पदार्थास ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलें, तें उगाच नव्हे.

तथापि सारींच गृहें या एका सांच्यांतलीं नाहींत. १९७२ सालीं युगांडांतून हांकलले गेलेले अनेक गुजराती लेस्टर व वेंब्ले या भागांत स्थायिक झाले. तेथें शाकाहारी माणसास ढोकळ्यापासून कढीपर्यंत मनासारखें अन्न मिळतें. १८८८ सालीं लंडनास गेलेले तरुण गांधी फॅरिंग्डन रस्त्यावरील इंग्रजी शाकाहारी खाणावळ सांपडेपर्यंत अर्धपोटीं राहिले होते, हें आठवलें म्हणजे काळ किती पालटला तें ध्यानीं येतें. दुसऱ्या टोंकास, २००१ सालीं ‘टॅमरिंड’ व ‘झायका’ या लंडनमधील दोन भारतीय भोजनगृहांना मिशेलिनचा तारा मिळाला. उलट, स्ट्रँडवरील ‘इंडिया क्लब’ हें साधें, स्वस्त व भारतीयांच्या जिव्हाळ्याचें ठिकाण जागेच्या नव्या योजनेपुढें सप्टेंबर २०२३ मध्यें बंद पडलें.

तेव्हां प्रवाशानें पाटीवरील एका शब्दावर विसंबूं नये. मालक कोणत्या प्रांताचा, यादी लांबलचक कीं मोजकी, टेबलांवर कोण बसलें आहे, हें पाहून मग अपेक्षा ठेवावी. आणि आचारी मंडळी स्वतःसाठीं आज काय रांधणार आहेत, एवढें नम्रपणें विचारून पाहावें. कारण तें जेवण बहुधा यादींत नसतेंच: हाडासकट शिजविलेलें मांस, नदीचा मासा, सिल्हेटच्या सातकरा नांवाच्या आंबट फळाच्या फोडी घातलेला रस्सा. दिवसभर परक्यांच्या जिभेसाठीं साय ओतणारा तो माणूस रात्रीं आपल्या आईच्या हातची चव शोधीत बसलेला असतो. घरच्या अन्नासाठीं झुरणारा प्रवासी आणि त्याचा आचारी, हे दोघे एकाच दुःखाचे भागीदार आहेत. हें जाणणाऱ्याला तेथील ताट आवडो वा न आवडो, तें वाढणाऱ्या हाताचा अनादर त्याच्याकडून होणार नाहीं.