आधी पोस्टर, मग गाणं

जव्हारच्या एस. टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, सहा फुटांची टपरी. एका बाजूला घड्याळ दुरुस्तीचं टेबल, दुसऱ्या बाजूला कॅसेट. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं मी ते चालवलं आणि रोजची विक्री वहीत लिहून ठेवली. तेव्हा तो उधारीचा हिशेब होता. आता पन्नाशी उलटल्यावर त्याच वह्या माझं संशोधनाचं मुख्य साधन झाल्या आहेत. माझं शिक्षण बारावीपर्यंत. संगीतावरचं जे काही वाचलं ते रद्दीतून, वाचनालयातून आणि पुढे इंटरनेटवरून. तेव्हा वाचकांनी या लेखाकडे पदवी न विचारता पाहावं, एवढी विनंती.

२००२ सालच्या वहीत एका पानावर नोंद आहे : ‘व्हिवा - २०’. म्हणजे ठाण्याच्या घाऊक बाजारातून वीस कॅसेट आणल्या. पुढची पानं चाळली की विक्री दिसते ती तीन. उरलेल्या सतरा अजून माझ्या माळ्यावर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत बायको दरवर्षी त्या टाकायला काढते आणि मी दरवर्षी परत वर ठेवतो. या सतरा कॅसेट का विकल्या गेल्या नाहीत, हा प्रश्न मला वीस वर्षं पुरला आहे.

ज्यांच्या घरी त्या काळात केबल होती त्यांना आठवत असेल. चॅनल व्ही या वाहिनीने २००२ मध्ये ‘पॉपस्टार्स’ नावाचा कार्यक्रम केला. गावोगावच्या मुलींच्या चाचण्या घेऊन, गाळत गाळत, शेवटी पाच जणी निवडल्या : प्रतीची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत, अनुष्का मनचंदा आणि सीमा रामचंदानी. पाच जणींचा मिळून बँड, नाव ‘व्हिवा’. त्यांचं ‘हम नये गीत सुनाएँ’ हे गाणं काही महिने जिकडेतिकडे वाजत होतं. वर्षभरात सीमा बाहेर पडली, २००३ मध्ये उरलेल्या चौघींचा दुसरा अल्बम आला आणि मग विषय संपला. त्याच वाहिनीने २००३ मध्ये पुन्हा तोच खेळ मांडून दोन मुलगे आणि दोन मुली निवडल्या. तो बँड ‘आस्मा’. नीती मोहन, वसुधा शर्मा, संगीत हळदीपूर आणि जिमी फेलिक्स. तोही लवकरच दिसेनासा झाला. यांच्याच आगेमागे ‘अ बँड ऑफ बॉइज’ हा पाच तरुणांचा बँड होता. त्यात आशा भोसले यांचा नातू चिंटू भोसले होता, आणि संगीतचा भाऊ सिद्धार्थ हळदीपूरही. म्हणजे अमर हळदीपुरांची दोन मुलं दोन वेगवेगळ्या बँडमध्ये. या पाच जणांना घेऊन २००४ मध्ये ‘किस किस को’ नावाचा चित्रपटही निघाला. तो जव्हारला कुणी पाहिल्याचं मला भेटलेलं नाही.

हा साचा आपल्याकडचा नव्हता. मूळ कार्यक्रम १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाला. त्यातून ‘ट्रूब्लिस’ हा पाच मुलींचा बँड निघाला आणि त्यांचं पहिलंच गाणं त्या देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. मग ऑस्ट्रेलियाने तो घेतला, मग इंग्लंडने. इंग्लंडच्या ‘हिअरसे’ या बँडचं पहिलं गाणं मार्च २००१ मध्ये एका आठवड्यात पाच लाखांहून जास्त खपलं आणि ऑक्टोबर २००२ मध्ये बँड मोडला. खरी गंमत पुढे आहे. त्याच कार्यक्रमात शेवटच्या फेरीत नाकारलेल्या पाच जणांनी आपला वेगळा बँड काढला, ‘लिबर्टी एक्स’. मे २००२ मध्ये त्यांचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ते २००७ पर्यंत टिकले. जिंकलेले दीड वर्षात संपले, हरलेले पाच-सहा वर्षं गात राहिले.

मला याचं कारण क्रमात दिसतं. एरवी चार माणसं एकत्र वाजवतात, भांडतात, एखादा सोडून जातो, दुसरा येतो, लोकांना एखादी चाल आवडते, मग कुणीतरी त्यांना नाव देतं. सगळ्यात शेवटी पोस्टर. इथे सगळं उलटं होतं. आधी करार, मग प्रायोजक, मग नाव, मग चेहरे आणि सर्वांत शेवटी गाणं. त्यातही गाण्याआधी आपण त्या मुलींना रडताना, मिठ्या मारताना, घरी फोन करताना पाहिलेलं असतं. गाणं येईपर्यंत आपली उत्सुकता निम्मी खर्च झालेली असते. कार्यक्रम हाच माल होता, बँड ही त्याची पावती. कार्यक्रम संपला की पावती कोण जपून ठेवतो? हरलेल्या पाच जणांना मात्र कुणी एकत्र आणलं नव्हतं, ते आपण होऊन एकत्र आले होते. एवढा एक फरक मला पुरेसा वाटतो.

दुसरं कारण साध्या हिशेबाचं आहे. पाच जणांचा बँड म्हणजे पाच वाटे, पाच जणांचा प्रवास, पाच जणांचे रुसवेफुगवे. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ सुरू झालं, पुढच्या वर्षी आपला अभिजीत सावंत जिंकला, आणि वाहिन्यांना कळलं की एकच माणूस निवडला तर काम स्वस्तात होतं. शिवाय लोक आपल्या मोबाइलचे पैसे खर्चून एसेमेस करतात. त्यानंतर बँड शोधायच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही. कॅसेटचा धंदाही तेव्हा बसतच होता. एका एमपीथ्री सीडीत शंभर-दीडशे गाणी मिळू लागल्यावर आठ गाण्यांची कॅसेट घेणार कोण? माझ्या वहीत २००४ नंतर घड्याळांचे सेल कॅसेटपेक्षा जास्त विकलेले दिसतात.

पण ‘व्हिवा’ माझ्याकडे खपली नाही ती एमपीथ्रीच्या आधीच. तिचा निकाल लावला तो जव्हार-मोखाडा-खोडाळा रस्त्यावरच्या जीपवाल्यांनी. माझं निम्मं गिऱ्हाईक तेच होतं. त्यांची परीक्षा कडक असे. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या इंजिनाच्या आवाजात शब्द कळले पाहिजेत. कॅसेटची एक बाजू संपल्यावर मागे बसलेल्या एखाद्याने ‘उलटी करा ना’ म्हटलं पाहिजे. अल्ताफ राजाचं ‘तुम तो ठहरे परदेसी’ या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालं. त्याचं पोस्टर माझ्या टपरीत कधी आलंच नाही. जीपवाले यायचे ते चाल गुणगुणत. ‘व्हिवा’चं पोस्टर मात्र रंगीत आणि माणसाच्या उंचीचं होतं. ते मी दारावर लावलं, पोरांनी उभं राहून बघितलं आणि कॅसेट घेतली कोळीगीतांची. ज्या तीन विकल्या त्यातली एक मीच मावसभावाला दिली होती. पैसे नंतर दिले त्याने.

इथून लेख माझ्या घरात शिरतो, त्याला इलाज नाही.

माझा हा मावसभाऊ मोखाड्याकडच्या एका पाड्यावर राहतो. त्याचा बाप तारपकरी, म्हणजे आमचे काका. भावाला तारप्यात रस नव्हता, त्याने बेंजो पार्टी काढली होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडची बेंजो पार्टी म्हणजे वीज जोडलेला टाइपरायटरसारख्या बटणांचा बेंजो, कॅसिओ, ताशे, ढोल आणि टेम्पोवर बांधलेले भोंगे. हळदीच्या रात्री आणि वरातीत वाजवायचं. कॅसिओवर मी बसायचो. एप्रिल-मे या दोन महिन्यांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. टीव्हीवर ‘व्हिवा’ बघून आमच्या डोक्यात वारं शिरलं. पार्टीचं जुनं नाव टाकून इंग्रजी नाव घेतलं, चकचकीत जाकिटं शिवली, पोस्टर छापलं. शहरातला एक जण म्हणाला, तुमची कॅसेट काढतो, निम्मा खर्च तुम्ही द्या. पोस्टर छापून आलं तेव्हा आमच्याकडे स्वतःचं असं एकही गाणं नव्हतं. ते मागाहून एका आठवड्यात जुळवलं. काकांनी पोस्टर बघितलं, उलटसुलट केलं आणि एवढंच विचारलं, ‘‘पन यावं नाचतील कोन?’’

पैशांसाठी भावाने बैलजोडी विकली. ‘‘दादा, एक वर्षाची गोष्ट आहे,’’ असं तो मला म्हणाला होता आणि मी मान हलवली होती. कॅसेट निघाली. ती लग्नात कुणाला नको होती, कारण लग्नात लोकांना त्यांच्या ओळखीची गाणी हवी असतात. जाकिटाच्या भरात आम्ही सुपारीही वाढवली होती. पुढच्या हंगामात आमची घरं शेजारच्या पार्टीने घेतली, आणि त्याच्या पुढच्या हंगामात पार्टीच उरली नाही. कॅसिओ विकून भोंग्यांचं भाडं भागवलं.

बँड मोडणं सगळ्यांना सारखं पडत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मुंबईत बुडाले ते बँड, माणसं बुडाली नाहीत. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पार्श्वगायिका झाल्या. नीती मोहनचं ‘जिया रे’ २०१२ मध्ये घराघरात पोचलं. हळदीपूर बंधू संगीत-सिद्धार्थ या जोडनावाने संगीतकार झाले. ‘अ बँड ऑफ बॉइज’मधला सुधांशू पांडे तर ‘अनुपमा’ मालिकेतला वनराज म्हणून माझ्या बायकोला रोज संध्याकाळी भेटायचा. तो कधीकाळी गायचा हे सांगितलं तर तिला ते खरं वाटेना. तिथे खाली हिंदी चित्रपटसृष्टी नावाचं जाळं होतं, पडलेल्याला ते झेलायचं. आमच्या भावाच्या खाली वीटभट्टी होती. बैल नसल्यामुळे पुढच्या साली नांगरणी उसन्या जोडीवर झाली, आणि दिवाळी झाल्यावर तो बायकोला घेऊन वसईकडच्या भट्टीवर गेला. नंतरची कित्येक वर्षं जात राहिला.

काकांच्या प्रश्नाचा अर्थ मी फार उशिरा लावला. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा असतो. भोपळ्याला खाली जिभल्या बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. रात्र रात्र चालतो. पण हे तंत्र दुय्यम. मुख्य म्हणजे तारपकरी मध्ये आणि हातात हात गुंफून नाचणारे त्याच्याभोवती, त्याला पाठ न दाखवता. त्याने चाल बदलली की पाय बदलतात. पाय अडखळले की त्याला चाल बदलावी लागते. वाजवणाऱ्याची परीक्षा जागच्या जागी होते आणि निकाल पायांनी लागतो. त्याला ऐकणारे नंतर शोधायला लागत नाहीत, ते आधीपासून गोलात उभे असतात. भात पिकायचं, वाघबारस यायची, दिवाळी यायची, आणि कुणीतरी तारपा वाजवायलाच हवा असायचा. जीपवाल्याची कॅसेट, हळदीची बेंजो पार्टी आणि तारपा यांना मी म्हणूनच एका रांगेत बसवतो. तिघांनाही कुणीतरी आधी मागितलेलं असतं.

आता पोस्टर तारप्याचंही निघालं आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे, नव्वदी पार केलेले भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बाबतीत क्रम बरोबर आहे. आधी आयुष्यभराचं वाजवणं, पोस्टर सगळ्यात शेवटी. त्या बातमीने मला स्वतःला फार आनंद झाला. मला काळजी आहे ती दुसरीच. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून उद्घाटन असो की पाहुण्यांचं स्वागत, तारपा हवाच असतो. मंडपात दहा मिनिटं, समोर खुर्च्या, गोल अर्धाच, कारण पाहुण्यांना पाठ दिसता कामा नये. नवी पोरं तेवढ्या दहा मिनिटांपुरतं शिकतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन चाली येतात, मानधन मिळतं, गावात फोटो फिरतो. आम्ही जाकिटं शिवली होती, हे मी विसरलेलो नाही. पण पाड्यावर रात्रभर नाचणारे उरतील की नाही, हे कुठल्याच मंडपात ठरत नाही. ते भट्टीचा ट्रक कधी येतो त्यावर ठरतं. पूर्वी मुकादम दिवाळी होऊन गेल्यावर यायचे. आता उचल आधीच दिलेली असते, आणि ट्रक कधी कधी दिवाळीच्या आतच पाड्याखाली लागतो.

काका २०११ मध्ये गेले. त्यांचा तारपा भावाने आढ्याला टांगून ठेवला होता. गुडघ्यांमुळे भट्टी सुटल्यावर, बावन्नाव्या वर्षी, त्याने तो खाली काढला. भोपळा तडकला होता, म्हणून परसात वेल लावला आणि नवा भोपळा धरला. गेल्या वाघबारशीला मी मुद्दाम गेलो. भाऊ थांबत थांबत वाजवत होता, बापासारखा दम त्याला नाही. गोलात आम्ही नऊ जण होतो, त्यातल्या पाच म्हाताऱ्या बाया. रात्री अकराच्या सुमारास खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि दोन पोरं हात सोडून बोचकी आणायला घरात गेली. बायांनी सुटलेले हात पुन्हा जोडून घेतले. भावाने चाल बदलली, जरा हळू केली, आणि गोल लहान होऊन फिरत राहिला.