ज्यूदोचा वर्ग पारखावा कसा?

आपल्या अहमदपूर भागात तालीम म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. याच लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मातीत घडले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले. जाणता माणूस तालमीत शिरला की आधी हौद्यातली माती हातात घेतो. ती खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ राखलेली असेल, तर वस्तादाला पोरांच्या हाडांची काळजी आहे असे तो ओळखतो. ज्यूदोच्या वर्गालाही हीच कसोटी लावावी.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढून ज्यूदोची घडी बसविली. १९६४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्याचा पहिला धडा फेकण्याचा नसून पडण्याचा आहे. त्याला 'उकेमी' म्हणतात. पाठीवर पडताना हनुवटी छातीशी घ्यायची, डोके टेकू द्यायचे नाही आणि हात गादीवर आपटून धक्का विखरून टाकायचा. हे अंगवळणी पडण्यापूर्वीच नवख्याला फेकाफेकीत उतरविणारा वर्ग कच्चा समजावा.

यात अतिशयोक्ती नाही. खुद्द जपानमध्ये १९८३ ते २०११ या काळात शालेय ज्यूदोत ११८ मुले दगावली. त्यांतील बहुतेकांना डोक्याचा मार भोवला. ज्यूदोच्या माहेरघरी हे घडते, तर आपण किती सावध असावे!

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. गाद्यांमध्ये फटी आहेत का? भिंत, खांब पुरेसे दूर आहेत का? जोड्या लावताना वजन आणि अनुभव पाहतात का? हार मानून थोपटताच पकड सुटते का? डोक्याला लागलेल्या मुलाला बाजूला बसवून डॉक्टरकडे धाडतात, की 'काही होत नाही, ऊठ' म्हणतात?

पदके आणि पट्ट्यांचे रंग यांनी मात्र भुलू नये. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे नाव 'शोदान', म्हणजे आरंभीची पायरी!

तेव्हा मित्रहो, धाकट्या भावाबहिणीचे नाव घालण्याआधी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून पाहा. वर्गातल्या सर्वांत दुबळ्या पोराकडे गुरुजींचे लक्ष असेल, तर खुशाल फी भरा.