थकलेल्या पगारातून मालकी
अमेरिकेतील एका बर्फावरच्या हॉकी संघाच्या हंगामाचा हिशेब

थकलेली रक्कम वसूल कशी करावी, हा प्रश्न बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. गिऱ्हाईक हात वर करते, दुकानाला कुलूप लागते आणि आपल्या वहीत नुसते आकडे उरतात. मग कोणी कोर्टाची पायरी चढतो, कोणी रुपयाचे चार आणे घेऊन गप्प बसतो. तिसरा मार्गही असतो, पण तो धरणारे थोडे. बुडणाऱ्या दुकानातच भागीदार व्हायचे आणि ते चालवून आपले पैसे काढायचे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात हा तिसरा मार्ग एका खेळाडूने धरला, आणि तो ज्या हंगामात धरला तो १९९८-९९ चा हंगाम आमच्या वाचकांनी जरूर समजून घ्यावा असा आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. आपल्याकडे हॉकी म्हटले की डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. ही हॉकी बर्फावरची. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या फरशीवर पायात पोलादी पात्यांचे बूट घालून दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी धावतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे होतात. अमेरिका आणि कॅनडातील व्यावसायिक संघांची जी मोठी लीग आहे, तिच्यात त्या काळी हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळावे लागत, त्यांपैकी ४१ घरच्या मैदानावर. घरच्या सामन्याची तिकिटे हा संघाचा मुख्य गल्ला. अमेरिकेत या खेळाला टीव्हीचे पैसे इतर मोठ्या खेळांच्या मानाने कमी मिळतात, त्यामुळे खुर्च्या भरल्या तरच चूल पेटते.

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. १९८० नंतरच्या काही वर्षांत तिथले मोठमोठे पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. अशा शहरात पेंग्विन्स नावाचा हा संघ १९६७ पासून खेळत होता आणि बहुतेक काळ हरतच होता. १९७५ मध्ये त्याचे एकदा दिवाळेही निघाले होते. कर खात्याने कचेरीच्या दारांना कुलपे ठोकली होती. १९८४ मध्ये माँट्रियलचा अठरा वर्षांचा मारियो लेम्यू संघात आला आणि दिवस पालटले. पहिल्याच सामन्यात, बर्फावर उतरल्यावर पहिल्याच खेपेला त्याने गोल केला. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे संघाने लीगचा सर्वोच्च स्टॅन्ले चषक जिंकला.

विजयाचा खर्च

चषक आला आणि खर्चाचा हात सुटला. १९९२ मध्ये लेम्यूशी सात वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. त्या काळी लीगमध्ये पगारावर कोणतीही कमाल मर्यादा नव्हती. ज्याच्या गल्ल्यात आहे त्याने द्यावे, आणि ज्याच्या गल्ल्यात नाही त्यानेही शेजारी देतो म्हणून द्यावे, असा प्रकार. पेंग्विन्सच्या मालकांनी त्यावर एक युक्ती काढली होती. पगारातला मोठा हिस्सा आज द्यायचा नाही, पुढच्या वर्षांवर ढकलायचा. खेळाडूने आज घाम गाळायचा, पैसे उद्या घ्यायचे. व्यापारात आपण माल उधारीवर घेतो, इथे मेहनतच उधारीवर घेतली गेली.

लेम्यूने त्या काळात काय दिले, तेही सांगायला हवे. १९९३ च्या जानेवारीत त्याला हॉजकिन्स हा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मार्च महिन्यात किरणोपचाराचा शेवटचा हप्ता ज्या दिवशी संपला, त्याच संध्याकाळी तो फिलाडेल्फियात खेळायला उतरला आणि त्याने गोल केला. बरेच सामने हुकूनही त्या हंगामात सर्वाधिक गुण त्याचेच होते, १६०. (गोल आणि गोलाला दिलेली मदत मिळून हे गुण मोजतात.) पाठीच्या दुखण्याने तर तो कायमचा हैराण होता. १९९७ मध्ये, एकतीस वर्षांचा असताना, त्याने निवृत्ती घेतली.

निवृत्त झाला तेव्हा संघाकडे त्याचे कोट्यवधी डॉलर थकलेले होते. हॉवर्ड बाल्डविन आणि १९९७ मध्ये आलेले रॉजर मरिनो या मालकांना संघाचा गाडा ओढवेना. १३ ऑक्टोबर १९९८ रोजी, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, संघाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. कर्ज सुमारे ९ कोटी डॉलर होते. धनकोंच्या यादीत बिनतारण धनकोंमध्ये सर्वांत मोठे नाव मारियो लेम्यूचे, रक्कम सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर.

बिनतारण म्हणजे काय, हे आपल्या कारागीर बांधवांनी नीट ध्यानात घ्यावे. बँकेकडे काही ना काही गहाण असते, तिची वसुली त्यातून होते. ज्याने विश्वासावर काम करून दिले, त्याच्या हातात फक्त कागद असतो. संघ मोडीत निघाला असता तर बर्फ वितळून जाणार, खेळाडू दुसरीकडे जाणार. मग विकायला उरणार काय?

अमेरिकेच्या कायद्यात मात्र एक सोय आहे. दिवाळखोरी म्हणजे ताबडतोब लिलाव नव्हे. कोर्टाच्या देखरेखीखाली धंदा चालू ठेवता येतो, जुनी देणी तेवढ्यापुरती गोठतात, आणि धनकोंपुढे पुनर्रचनेची योजना मांडता येते. भारतात २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनंतर याच्याशी मिळतीजुळती पद्धत आली. त्याआधी आजारी कारखान्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे मंडळापुढे पडून असत.

म्हणून हंगाम चालू राहिला. एकीकडे कोर्ट, दुसरीकडे बर्फ. संघ दुसऱ्या शहराला विकण्याची, अगदी मोडून टाकण्याचीही भाषा होत होती. उन्हाळ्यातच कर्णधार रॉन फ्रान्सिस संघ सोडून कॅरोलायनाला गेला होता. पगारावरून वाद घालून वर्षभर संघाबाहेर राहिलेल्या पीटर नेदवेदला नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे धाडले आणि बदल्यात अलेक्सी कोव्हालेव आणला, वर काही रोखही घेतली. व्यवस्थापक क्रेग पॅट्रिक यांचा हा सौदा मला फार आवडतो. तंगीत असतानाही माल पारखून घेतला; कोव्हालेव पुढे कामाचा ठरला. नवा कर्णधार झाला यारोमिर यागर हा चेक खेळाडू. त्याने त्या हंगामात ४४ गोल केले, ८३ गोलांना मदत केली, म्हणजे १२७ गुण. लीगमध्ये सर्वाधिक. सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. संघाने ३८ सामने जिंकले, ३० हरले, १४ बरोबरीत सुटले आणि बाद फेरीत आठवे, शेवटचे स्थान पटकावले.

एका गोलाची किंमत

बाद फेरीचा हिशेब वेगळा असतो आणि खरी गंमत तिथेच आहे. खेळाडूंचा पगार नियमित हंगामापुरता ठरलेला असतो. बाद फेरीतले बक्षीस लीगच्या तिजोरीतून जाते. म्हणजे घरच्या मैदानावर बाद फेरीचा जो प्रत्येक सामना होईल, त्याच्या तिकिटांचा पैसा पगाराचा बोजा न पडता संघाच्या गल्ल्यात येतो. पिट्सबर्गच्या गोल घुमटाच्या जुन्या मैदानात सुमारे १७ हजार प्रेक्षक बसत. दिवाळखोर संघाला असा एकेक सामना म्हणजे भर उन्हाळ्यातला वळीव.

पहिल्या फेरीत गाठ पडली न्यू जर्सी डेव्हिल्सशी. विभागात पहिला आलेला, १०५ गुणांचा संघ. सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. जांघेच्या दुखापतीने यागर बाहेर बसला. पाच सामन्यांनंतर डेव्हिल्स ३-२ ने पुढे होते. सहावा सामना २ मे १९९९ रोजी पिट्सबर्गला. हरले तर हंगाम संपला, आणि नव्या मालकाचा निकाल अजून लागलेला नसताना मैदानाचे दिवे मालवले जाणार.

यागर दुखऱ्या पायाने उतरला. शेवटच्या सत्राची दोन-तीन मिनिटे उरली होती आणि पेंग्विन्स १-२ ने मागे होते. यागरने बरोबरी साधली. जादा वेळेत निर्णायक गोलही त्यानेच मारला. दोन दिवसांनी सातवा सामना न्यू जर्सीच्या घरात पेंग्विन्सनी ४-२ असा जिंकला. पुढच्या फेरीत टोरांटो मेपल लीफ्सने त्यांना सहा सामन्यांत हरवले, शेवटचा सामना पिट्सबर्गलाच, जादा वेळेत. पण त्या फेरीत घरच्या मैदानावर तीन सामने झाले होते. यागरचा तो गोल झाला नसता तर हे तीन गल्ले नव्हते. संघ वाचला तो या गोलाने, असे पिट्सबर्गचे लोक अजून म्हणतात. थोडी अतिशयोक्ती असेल. कोर्टात जे चालले होते त्याचा वाटा मोठाच होता. पण जिंकणारा, गर्दी खेचणारा संघ विकत घ्यायला माणसे पुढे येतात आणि रिकाम्या खुर्च्यांकडे कोणी फिरकत नाही, एवढे कोणत्याही दुकानदाराला कळते.

कोर्टात लेम्यूने योजना मांडली. थकलेल्या पगारातले सुमारे २ कोटी डॉलर त्याने मागायचे सोडून दिले आणि त्याऐवजी संघातला हिस्सा मागितला. वर पदरचे सुमारे ५० लाख रोख घातले, आणि रॉन बर्कलसारखे श्रीमंत भागीदार गोळा केले. मैदान चालविणारी कंपनी आणि सामने दाखविणारी टीव्ही वाहिनी यांच्याशी तडजोडी कराव्या लागल्या. योजनेचा पाया असा की धनकोंना पैसे मिळतील, पण त्यासाठी संघ पिट्सबर्गमध्येच चालू राहिला पाहिजे. जून १९९९ मध्ये कोर्टाने मंजुरी दिली, १ सप्टेंबरला लीगच्या मंडळाने. काल ज्याचा पगार थकला होता तो आज मालक झाला.

लेम्यूने मोठे मन दाखवले असे अनेकांनी लिहिले. मला त्यात व्यवहारच जास्त दिसतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. लिलावात त्याच्या वाट्याला फार थोडे आले असते. शिवाय त्याच्याकडे असे काही होते जे बँकेकडे नव्हते. त्याच्या नावावर लोक तिकीट घेत. तेच नाव त्याने भांडवल म्हणून लावले.

मालकी घेतल्यावर सुख लागले असे मात्र नाही. २७ डिसेंबर २००० रोजी, निवृत्तीनंतर साडेतीन वर्षांनी, मालक स्वतः बूट बांधून पुन्हा बर्फावर उतरला. पहिल्याच मिनिटात त्याने एका गोलाला मदत केली; त्या हंगामात ४३ सामन्यांत ७६ गुण मिळवले. मैदान पुन्हा भरले. तरी पैसा पुरेना. जुलै २००१ मध्ये यागरला, म्हणजे ज्याच्या गोलाने ते तीन गल्ले आणले त्यालाच, वॉशिंग्टनला देऊन टाकावे लागले. बदल्यात तीन तरुण खेळाडू आणि रोख आली. त्याचा पगार मालक झालेल्या मित्राला झेपत नव्हता. ज्या खर्चाने जुने मालक बुडाले, त्या वाटेने जायचे नाही असे ठरवले की पहिला बळी आपल्याच उत्तम माणसाचा जातो. २००३-०४ मध्ये संघ लीगमध्ये शेवटचा आला. २००४-०५ चा तर अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्या भांडणातून पगारावर मर्यादा आली, संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर. लहान शहरांतल्या संघांना हे औषध दहा वर्षे आधी हवे होते. त्याच २००५ च्या उन्हाळ्यात सोडतीत पहिला क्रमांक लागून सिडनी क्रॉस्बी हा तरुण पेंग्विन्सला मिळाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात बातमी आली की योजनेत कबूल केल्याप्रमाणे धनकोंची देणी पूर्ण फेडली गेली.

मैदान मात्र जुनेच होते, १९६१ सालचे. नव्यासाठी बरीच ओढाताण झाली. एका कॅसिनो कंपनीने जुगाराचा परवाना मिळाला तर मैदान बांधून देऊ असे कबूल केले होते; डिसेंबर २००६ मध्ये परवाना दुसऱ्यालाच गेला. संघ शहर सोडणार अशी हवा पुन्हा उठली. अखेर मार्च २००७ मध्ये सरकारशी करार झाला आणि २०१० मध्ये नवे मैदान उघडले. स्टॅन्ले चषकावर विजेत्यांची नावे कोरतात. लेम्यूचे नाव त्यावर १९९१ आणि १९९२ चा खेळाडू म्हणून आहे. २००९, २०१६ आणि २०१७ ला ते मालक म्हणून कोरले गेले. २०२१ च्या अखेरीस संघाचा मोठा हिस्सा फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने घेतला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी संघाची किंमत सुमारे ९० कोटी डॉलर छापली होती. लेम्यूने लहानसा हिस्सा आपल्याकडे ठेवला.