घर विकताना विचारा : एजंटला करार कळतो का?

समजा, नोकरीनिमित्त लखनऊत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाला रायबरेली रोडवरचे तेलीबागमधले घर विकून पुण्याला परतायचे आहे. एजंट गिऱ्हाईक आणतो, ६० लाखांना सौदा ठरतो, ५ लाख इसार मिळतो आणि साध्या कागदावर पावती होते. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणते, "भाव कमी करा, नाहीतर इसार परत द्या." आता काय?

महाराष्ट्रात आपण इसार, साठेखत, खरेदीखत म्हणतो. लखनऊत बयाना, इकरारनामा, बैनामा हे शब्द ऐकू येतात. पण फरक केवळ शब्दांचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये उत्तर प्रदेशाने १९७६ च्या कायद्याने दुरुस्ती केली. त्यामुळे तिथे घरविक्रीचा करार नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. साध्या पावतीच्या जोरावर सौदा पुरा करून घेता येत नाही. इसार राखून ठेवण्याचा तुमचा दावाही लंगडा पडतो. जाणकार एजंट हे पहिल्याच भेटीत सांगतो.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या :

१. उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत आणि कशी मिळणार.
२. मुदत चुकली तर इसाराचे काय होणार.
३. ताबा कधी देणार. पूर्ण रक्कम खात्यात जमा होण्याआधी किल्ली देऊ नका.
४. घरपट्टी, वीजबिल आणि कर्जाची बाकी कोण भरणार.

पैसे बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदार १ टक्का कर कापतो. ६० लाखांवर हे ६०,००० रुपये होतात. ते तुमच्या पॅनवर जमा झाले का, हे तपासा.

"बैनामा कशाला, मुखत्यारपत्र द्या, काम होईल," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. जुन्या स्वतंत्र घराच्या विक्रीला हे बंधन लागू होईलच असे नाही. म्हणून पारख तुम्हालाच करावी लागते. एजंटला विचारा : करार नोंदवायचा का? गिऱ्हाईक मागे हटले तर काय? तुमची दलाली कराराच्या वेळी की खरेदीखतानंतर? उत्तरे लेखी घ्या.

एजंट वकिलाची जागा घेत नाही. सही करण्यापूर्वी मसुदा स्थानिक वकिलाला दाखवा. त्याची फी द्यावी लागली, तरी आयुष्यभराची पुंजी अडकण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.