कॅरिबियन क्रूझला जाण्याआधी

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडवीतली संध्याकाळची बोट येते. तासाभराची सफर, थोडी गाणी, थोडा नाच, की परत पणजीच्या धक्क्यावर. कॅरिबियन क्रूझ म्हणजे मात्र बहुधा सात रात्रींचं तरंगतं गाव. माझा दादा तिकडच्या एका जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे आणि आई-बाबांना एकदा तरी पाठवायचं असं आम्ही ठरवलंय. त्या खटपटीत जे कळलं ते इथे लिहिते. आपल्यापैकी अनेकांच्या घरचं कुणी ना कुणी बोटीवर असतंच, तेव्हा उपयोगी पडावं.

आधी तारीख ठरवावी, तिकिटाचं मग. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचा जोर सर्वांत जास्त. स्वस्त दरांच्या जाहिराती नेमक्या याच दिवसांत येतात, तो काही योगायोग नव्हे! वादळ आलं तर कप्तान वाट बदलतो, जहाज सुरक्षित राहतं. पण ज्या बेटासाठी पैसे भरले तेच गळू शकतं, आणि करारात कंपनीने तशी मुभा घेतलेली असते. नाताळात हवा सुरेख, पण दर विचारूच नका. मला जानेवारीचा उत्तरार्ध बरा वाटतो. सप्टेंबरशिवाय रजाच मिळत नसेल तर अरुबा, कुरासावकडची दक्षिणेची सफर पाहावी. ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत.

मग कागदपत्रं. पुष्कळशी जहाजं फ्लोरिडातून, म्हणजे मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटतात. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि तो अनेक प्रवेशांचा असावा. कारण बेटं फिरून जहाज परत आलं की तुम्ही अमेरिकेत पुन्हा प्रवेश करता. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने जाऊ शकतात, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नयेत. आपल्याकडे एकाच घरात भारतीय आणि पोर्तुगीज असे दोन्ही पासपोर्ट असतात. पोर्तुगीज पासपोर्टला सहसा इस्टा ही ऑनलाइन परवानगी पुरते. बेटांचे नियम आणखी वेगळे. कंपनीकडून प्रत्येक बंदराचं लेखी विचारून घ्यावं.

गोव्याहून मायामीला थेट विमान नाही. एक विमान चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, म्हणून जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचावं. केबिनबद्दल एवढंच, की बस लागणाऱ्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध असलेली घ्यावी. तिथे डुलणं सर्वांत कमी जाणवतं.

बंदरावर उतरल्यावर घड्याळ जहाजाचं पाळायचं. मेक्सिकोतल्या कोझुमेलला वर्षभर एकच वेळ असते, फ्लोरिडाचं घड्याळ मात्र उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. फोनने स्थानिक वेळ दाखवली आणि तुम्ही निवांत राहिलात, तर धक्क्यावर पोहोचाल तेव्हा जहाज गेलेलं! तुलुमचे माया अवशेष कोझुमेलहून पाहायचे तर आधी फेरीने मुख्य भूमीवर जायचं, मग रस्त्याने पुढे. अशा लांबच्या जागेसाठी जहाजाचीच सहल घ्यावी. तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतंत्र टॅक्सीवाल्यासाठी कोण थांबणार? ग्रँड केमनला तर मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्यातही वेळ जातो.

आता पैशांचं. तिकिटात राहणं आणि मुख्य जेवण येतं. दारू, वाय-फाय, सहली बहुतेक वेगळ्या. शिवाय बऱ्याच जहाजांवर माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ खात्यावर आपोआप चढते. दोघांच्या सात रात्री म्हणजे 224 ते 280 डॉलर. काउंटरवर सांगून ही रक्कम काढून टाकता येते, असं काही शहाणे पैसे वाचवायची युक्ती म्हणून सुचवतात. मला त्याचा राग येतो. मूळ पगार तुटपुंजा असलेल्या केबिनवाल्यांची, वेटरांची मिळकत बरीचशी यातूनच होते, आणि ही माणसं सहा-सहा, नऊ-नऊ महिने घराबाहेर असतात. गोव्यात त्या पैशांवर किती घरं उभी राहिली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ही रक्कम तिकिटाचाच भाग समजून पहिल्याच दिवशी हिशेबात धरावी. ती परवडत नसेल तर पाच रात्रींची सफर घ्यावी.

विम्यात मात्र काटकसर नको. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं, आणि आजारी माणसाला किनाऱ्यावर हलवायचं झालं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. फोन पूर्ण वेळ एअरप्लेन मोडवर ठेवावा, जहाजाचं नेटवर्क लागलं की रोमिंगचं बिल फुगतं. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा; चढताना दिलेल्या बॅगा केबिनच्या दारात यायला कधी कधी संध्याकाळ होते.