वाहन सापडले नाही, तरीही भरपाई

"धडक देणारे वाहनच सापडले नाही, मग भरपाई कोण देणार?" असे अपघातग्रस्तांचे नातेवाईक आम्हांस हताशपणे विचारतात. अशा प्रसंगीही भरपाई मिळते, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ अन्वये, १ एप्रिल २०२२ पासून झालेल्या अशा अपघातात मृत्यू आल्यास वारसांस २,००,००० रुपये व गंभीर दुखापत झाल्यास जखमीस ५०,००० रुपये देय आहेत. पूर्वी या रकमा अनुक्रमे २५,००० व १२,५०० रुपये होत्या. हाड मोडणे हीदेखील कायद्याने गंभीर दुखापतच होय. अर्ज महसूल खात्याच्या नियुक्त चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्यासाठी पोलीस नोंद व दुखापतीचा वैद्यकीय अहवाल लागतो. म्हणून ही कागदपत्रे नातेवाइकांनी जपून ठेवावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.