रेकी, विपश्यना आणि बुद्धाची शुश्रूषा

मढीच्या कानिफनाथांना जाताना लागणारं तिसगाव घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही गाव. दुखण्याला आधी अंगारा, मग दवाखाना ही जुनी रीत. आता तिच्यात रेकी (हातांच्या स्पर्शानं ऊर्जा देण्याचा उपचार) आणि चक्रशुद्धीची भर पडली आहे, तीही बुद्धाचं नाव लावून.

गैरसमज : रेकी ही बुद्धाची उपचारपद्धती.

वस्तुस्थिती : रेकी जेमतेम शंभर वर्षांची. मिकाओ उसुई यांनी जपानमधल्या कुरामा डोंगरावर उपवास करून साधना केली आणि १९२२ मध्ये ती शिकवायला घेतली. तिथलं मंदिर तेव्हा बौद्धांच्या तेंदाई पंथाचं होतं, नातं आहे ते एवढंच. पाली त्रिपिटकात, म्हणजे बुद्धवचनांच्या मूळ संग्रहात, रेकी नाही. सात चक्रंही नाहीत. वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथात चक्रं येतात, पण ती बुद्धानंतर हजारेक वर्षांनी.

गैरसमज : विपश्यनेनं रोग बरे होतात.

वस्तुस्थिती : विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवणारे सत्यनारायण गोएंका स्वतः अर्धशिशीनं हैराण होऊन ब्रह्मदेशात आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखी घालवायला आलोय म्हटल्यावर गुरूंनी प्रवेशच नाकारला. धम्म त्यासाठी नाही, असं सुनावलं. १९५५ मध्ये गोएंकांचं पहिलं शिबिर झालं ते हा हेतू सोडल्यावर. पुढे त्यांनी इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभारलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात इतर उपचारसाधना बाजूला ठेवाव्या लागतात.

मग आजाऱ्यासाठी बुद्धांनी काय केलं? भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, एक प्रसंग आहे. हगवणीनं बेजार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हतं. बुद्धांनी पाणी ओतलं, त्यांचे शिष्य आनंद यांनी अंग धुतलं. एकानं डोक्याकडून, दुसऱ्यानं पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी, हे बुद्धांनी तेव्हा सांगितलं. परित्राणपाठाची, म्हणजे रक्षणासाठी सूत्रं म्हणण्याची, परंपरा बौद्धांमध्ये आहे, हे खरं. पण त्याच विनयात औषधांचा वेगळा अध्याय आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही भिक्खूंना मुभा दिलेली औषधं. जीवक वैद्य तर खुद्द बुद्धांवर उपचार करायचा. मला बुद्धाचा खरा वारसा इथे दिसतो.

उपचार अडवू नयेत, हे काही बाबतींत आजचा कायदाही सांगतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. रेकीनं मनाला बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. पण तिच्या भरवशावर साखरेची, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.